कानमुशी आणि माकड

मोरी, म्हणजे मुशी किंवा शार्क मासा, मरते ती आवाज न करता. हे मी इतक्या लहानपणापासून पाहत आले होते, की मरण ही अशीच एक गप्प गोष्ट असते असं मला वाटायचं. बाबांची होडी किनाऱ्याला लागली की खलाशी शेपटीला दोर बांधून मोरीला वाळूवर ओढत आणि ती तोंड उघडत, मिटत, पडून राहायची. कानमुशी जातीची मोरी असली तर वाडीतली सगळी पोरं धावत यायची, कारण तिचं डोकं बघण्यासारखं. सुताराच्या हातोड्यासारखं आडवं, आणि त्या आडव्या डोक्याच्या दोन टोकांना दोन डोळे. मी एका अंगाला उभी राहिले तर एक डोळा माझ्याकडे असायचा आणि दुसरा पलीकडे, दर्याकडे. दोन्ही डोळ्यांनी मिळून ती आपल्याकडे बघत नाही, याचा तेव्हा मला मोठा आधार वाटायचा. बाबा सुरी घेऊन बसले तरी मी तिथून हलत नसे.

बाबा तांडेल होते, होडीचं सुकाणू त्यांच्या हाती. तारकर्लीच्या अलीकडे, माडांच्या सावलीत, पाण्यापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. घरात आई, बाबा, मी आणि बाबांचा धाकटा भाऊ बापूकाका. घराला वास होता तो मोरीच्या तेलाचा. अंगणात दगडांच्या चुलीवर मोठ्या टोपात मोरीचं काळीज कढत ठेवलेलं असे, आणि त्याचं तेल होडीच्या फळ्यांना चोळायचं, कंदिलात घालायचं, कोणाला खोकला झाला तर चमचाभर पाजायचं. तो वास केसांना बसे, शाळेच्या पुस्तकांना बसे. आईच्या हातचं मोरीचं मटण मात्र अख्ख्या वाडीत नावाजलेलं. भाजक्या खोबऱ्याचं वाटप घालून ती ते असं करायची, की भाकरीचा शेवटचा तुकडा टोपाच्या कडेने फिरवल्याशिवाय कोणी उठत नसे. आज माझ्या सुना मासळी बाजारात मुशीचे तुकडे घेतात तेव्हा त्यात मला डोकं दिसत नाही. कापून आधीच टाकलेलं असतं.

आई दर्याकडची नव्हती. तिचं माहेर कुडाळच्या बाजूला, भाताची मळी आणि फणसांचं गाव. ती मोरी खायची, रांधायची, पण कापताना कधी जवळ थांबायची नाही. कधीकधी कानमुशीच्या पोटात पिल्लं निघत. अंडी नव्हेत, पिल्लं, हातभर लांबीची, डोकं तसंच आडवं, दातसुद्धा आलेले. दिवस भरलेली असली तर ती वळवळत. मग आई लांबूनच म्हणायची, "ती सोडा बघू पाण्यात." बाबा हसत, पण सोडत. पिल्लू पाण्यात पडलं की क्षणभर उलटं होई, मग सरळ होऊन निघून जाई. आई त्याकडे बघत राहायची. एकदा मला म्हणाली, "एकान तरी मागे वळान बघला काय गो? आमच्या गावची माकडां बघ. आवस मेली तरी पोर सोडना नाय."

माकडं आमच्याकडेही होती. लाल तोंडाची, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असलेली. माडांवर चढून आडसर नारळ पिळून काढत, अर्धा पिऊन खाली टाकत. बागायतदार हैराण झाले होते. आई त्यांना नुसत्या टाळ्या वाजवून हाकलायची, आणि शनिवारी मात्र मारुतीच्या देवळात जाऊन त्याच तोंडाच्या देवाला तेल घालायची. या दोन गोष्टींत काही विसंगत आहे असं तिला वाटत नसे.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे त्या वर्षी मी सातवीत होते. मोरी त्या मोसमात लागत नव्हती. बाबा जाळी टाकून यायचे आणि रिकामी होडी ओढताना बोलायचे नाहीत. अशा दिवसांत मुंबईहून एक एजंट आला. पांढरी पँट, वाळूत रुतणारे बूट. त्याला माकडं हवी होती, जिवंत. परदेशात औषधांच्या कामाला लागतात म्हणाला. बागायतदारांनी त्याला हात जोडले, सगळी ने म्हणाले, पण धरायला कोणी पुढे होईना. तेव्हा तो आमच्या ओट्यावर येऊन बसला.

"मला सांगितलं, या किनाऱ्यावर तुमच्यासारखा जाळं टाकणारा नाही," तो म्हणाला. "पण मासे वेगळे. माकड तुम्हाला जमेल असं वाटत नाही मला."

पैशाचं बोलणं त्याने नंतर केलं. बाबांना पहिल्या वाक्यानेच धरलं होतं. ते जाळ्याचा फाटका भाग सांधत होते. मान वर न करता म्हणाले, "मोरी काय नि माकड काय. जाळ्याक दोन्ही सारखीच."

आतून आईने हाक मारली. बाबा आत गेले. मी चुलीपाशीच होते. "ह्या काम करूक नको," आई हळू म्हणाली. ती एरवी बाबांना एकेरी बोलत नसे. त्या दिवशी बोलली. बाबांच्याही ते लक्षात आलं. तरी ते म्हणाले, "मोरी मारतंय तेवा तू काय बोलणस नाय. हेंका तर मारूकय नाय." मग बाहेर जाऊन त्यांनी एजंटला होकार दिला.

मोरीचं जाडं जाळं बागेत दोन माडांच्या मध्ये, वर उचलून बांधलं. खाली पिकलेले बरके फणस फोडून ठेवले. भर दुपारी सगळा कळप उतरला. बाबांनी दोर सोडला, आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, की जाळ्यात सापडलेला जीव ओरडतो. मी कान झाकले. बाबांनी इतकी वर्षं जाळी ओढली होती, पण जाळ्यातून असा आवाज त्यांनीही ऐकला नव्हता. त्यांचे हात दोरावर होते आणि चेहरा माझ्याकडे, जणू मीच काहीतरी बोलले होते.

बांबूच्या पिंजऱ्यांत भरून माकडं आमच्या खोपीत ठेवली, जिथे एरवी जाळी आणि खारवलेली मोरी असे. आगबोट यायला अजून दिवस होते. जी माकडं जाळ्यात आली नव्हती ती मागोमाग आली. हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. एक कानमुशी दोराला लागली की बाकीच्या पसार होतात, त्या पाण्यात पुन्हा आठवडा फिरकत नाहीत. ही पसार झाली नाहीत. सकाळी उठून दार उघडलं तर खोपीच्या कौलांवर, कुंपणावर, विहिरीच्या रहाटावर ती बसलेली होती. ओरडत नव्हती, नारळ तोडत नव्हती. नुसती बसून होती. सगळ्यांत मोठा हुप्या आमच्या दाराच्या समोर बसे, आणि आई पाण्याला गेली की मान वळवून तिच्याकडे बघे. दोन्ही डोळ्यांनी.

वाडीतलं येणंजाणं थांबलं. कोणी भांडलं नाही, पण ताक मागायला येणारी शेजारीण आली नाही, विहिरीवर बायका आईला जागा करून देऊन बाजूला झाल्या. देवळातला गुरव एकदा येऊन फाटकाबाहेर उभा राहिला. म्हातारा, किडकिडीत माणूस. "तांडेला, सोड तेंका," एवढंच म्हणाला. बाबा म्हणाले, "बागायतदारांका सांग. तेंनीच धाडल्यानी." गुरव म्हणाला, "जाळा तुझा आसा," आणि गेला. पुढच्या शनिवारी आई देवळातून परत आली तेव्हा तिने नेलेला नारळ तसाच ओटीत होता. गुरवाने तो घेतला नव्हता. तिने तो फोडला नाही, कोणाला दिलाही नाही. कोनाड्यात ठेवून दिला.

पिंजऱ्यांतल्या माकडांना खाऊ घालायचं काम माझ्याकडे आलं, कारण बापूकाका जवळ गेला की ती दात विचकत आणि मी गेले की गप्प होत. मी त्यांना केळी, भिजवलेले शेंगदाणे द्यायचे. एक माकडीण होती, पोटाला पिल्लू चिकटलेलं. ती बांबूंतून हात बाहेर काढून दाणा घ्यायची आणि घेताना तिची बोटं माझ्या तळव्याला लागायची. त्या हाताला रेषा होत्या. नखं होती, माझ्यासारखी, आत माती अडकलेली. मोरीच्या अंगावरून हात फिरवला तर कातडी खरवडून निघते. हा हात मऊ होता, आणि थोडा गरम. तिला हात लावल्यावर मी विहिरीवर जाऊन माझे हात पुन्हापुन्हा धुवायचे. किळस म्हणून नाही. कशासाठी ते आजही मला नीट सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी ती दाणे घेईनाशी झाली. नुसता हात बाहेर काढून ठेवायची.

आगबोटीच्या दिवशी सकाळपासून वारा होता. पावसाळा तोंडावर आला की किनाऱ्याच्या बोटी बंद होतात, त्यामुळे हीच शेवटची फेरी. आगबोट खोल पाण्यात उभी राहायची, माणसं आणि माल होडीतून न्यावा लागे. बाबांनी पिंजरे होडीत एकाशेजारी एक ठेवून सुंभाने बांधले. मग मला म्हणाले, "सुमा, तू चल."

"ती खंय?" आई म्हणाली.

"ती आसली की गप रवतत. बोटीर चढवन परत हाडतंय."

आईने माझा हात धरला होता. मग सोडला. का सोडला हे मी तिला पुढे कधी विचारलं नाही. मी पिंजऱ्यांना टेकून बसले, बाबा सुकाणूवर, बापूकाका आणि एक खलाशी वल्ह्यांवर. किनाऱ्यावर, वाळू संपते तिथे, बाहेरची माकडं रांगेने बसली होती. पाणी राखाडी होतं. खडपांच्या, म्हणजे पाण्यातल्या खडकांच्या, पलीकडे गेल्यावर बापूकाकाने वल्हं थांबवून उजवीकडे बघितलं आणि बाबांना म्हणाला, "कानमुशी." मीही बघितलं. पाण्याच्या वर काळा पंख दिसला, उंच, सरळ, आणि बुडाला. सबंध मोसमात दिसली नव्हती ती त्या दिवशी आली होती.

आगबोट जवळ आली. वर कठड्याशी एजंट उभा होता, त्याने हात केला. आणि तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला. पिंजऱ्यांतला प्रत्येक जीव एकाच वेळी एकाच बाजूला धडकला. सुंभ ताणला गेला, पिंजरे सरकले, होडी कलली आणि काठावरून पाणी आत आलं. हिरवं, जड पाणी, माझ्या मांडीपर्यंत. माकडं ओरडत होती, ती त्याच कोपऱ्यात एकमेकांवर चढत होती आणि होडी आणखी कलत होती.

"दादा, टाकूया," बापूकाका ओरडला. "पिंजरे टाकूया दर्यात."

तेच करायला हवं होतं. कुठल्याही तांडेलाने तेच केलं असतं. दोर तोडला असता तर पिंजरे आपोआप घरंगळून गेले असते आणि होडी सरळ झाली असती. बाबांनी कोयता उचलला. समोरच्या पिंजऱ्यात ती होती, पोटाशी पिल्लू घेऊन, हात बाहेर काढलेला. ती त्यांच्याकडे बघत होती. बाबांचा हात थांबला. मग त्यांनी होडीला बांधलेला दोर न तोडता पिंजऱ्याच्या दाराचं सुंभ तोडलं. एकाचं, मग दुसऱ्याचं. होडीत पाणी येतच होतं. तिच्या पिंजऱ्याचं दार अडकलं होतं, म्हणून त्यांनी आत हात घातला आणि दार बाहेर ओढलं. तेव्हा ती चावली. अंगठा आणि बोट यांच्या मधे, हाडापर्यंत. त्यांनी हात काढला नाही, दार उघडेपर्यंत. मग ती त्यांच्या खांद्यावरून गेली.

माकडं पोहतात हे मला माहीत नव्हतं. डोकी वर ठेवून ती खडपांकडे चालली होती. आम्ही पिंजरे लोटून दिले, पाणी उपसलं. मी त्या डोक्यांकडे बघत होते. मध्येच एक डोकं दिसेनासं झालं. ओरडणं नाही, पाण्यावर खळबळ नाही. होतं, आणि नव्हतं. "बुडला आसात," बाबा म्हणाले. त्यांनी हात दर्याच्या पाण्यात धरला होता आणि पाणी लाल होत होतं. बापूकाकाने त्यांचा हात झटकन वर ओढला. त्या पाण्यात काय आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

बाबांच्या अंगाला मोरीचा एकही दात कधी लागला नव्हता.

मालवणच्या डॉक्टरांनी जखम धुतली, आणि पोटात घ्यायच्या रेबीजच्या इंजेक्शनांसाठी बाबांना घाटावरच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. ती सगळी घेऊन ते परत आले. तरी डॉक्टर आईला बाजूला घेऊन म्हणाले, "इंजेक्शनं वेळेवर झाली आहेत. तरीसुद्धा काही महिने लक्ष ठेवा. पाणी पिताना घसा आवळतो का, पाण्याला घाबरतात का, एवढं बघत राहा. तसं दिसलं तर लगेच आणा." बाजूला घेऊन म्हणाले खरे, पण खोली लहान होती. बाबांनी ते ऐकलं होतं.

मग पाऊस आणि बंद घर. होडी माडाच्या झापांखाली, दर्या दिवसरात्र आपटतो आहे. आई पेज वाढायची, खारवलेल्या मोरीचा तुकडा भाजून ठेवायची आणि पाण्याचा तांब्या बाबांच्या समोर ठेवायची. मग ती बघत राहायची. मीही बघायचे. बाबा तांब्या उचलत, वरून धार धरत, घसा हलताना आम्हाला दिसे. सुरुवातीला ते मुद्दाम मोठ्याने गुटगुट करून पीत आणि म्हणत, "बघलास? पितंय मगे." नंतर त्यांनी तसं म्हणणं सोडलं. एकदा त्यांना ठसका लागला आणि आईच्या हातातला डाव चुलीत पडला. विहिरीवरच्या बायका आता आईशी बोलत, पण एकच विचारत, "पाणी पितत मा गो?" शाळेत मुलंही मला तेच विचारत. पाण्यावर जगणारा माणूस, आणि अख्खं गाव त्याच्या घशाकडे बघत होतं.

गुरव एकदा पावसातून आला. या वेळी फाटकाच्या आत आला, ओट्यावर बसला. बाबांचा हात हातात घेऊन बघितला. दोन बोटं आखडली होती. "देवान समज दिल्यान," तो म्हणाला. बाबा म्हणाले, "देवाचो काय संबंध? भियाललां तां, म्हणान चावला." गुरवाने मान हलवली आणि आईकडून चहा घेतला. तो गेल्यावर बाबा बराच वेळ पावसाकडे बघत बसले. मी शेजारी पुस्तक घेऊन होते.

"सुमा," ते म्हणाले, "मोरी चावता ती भुकेन. तुका खाल्ल्यान काय नि बांगडो खाल्ल्यान काय, तिका सारख्याच. तिच्या मनात तू नसतंस." त्यांनी आखडलेली बोटं पुढे केली. "ह्या तसा नाय. दार उघडतंय ता तिका दिसत होता. तरी चावली. माका वळखून चावली ती."

मला आज वाटतं, ती नुसती घाबरली होती आणि तेच खरं. पण ते मला आज वाटतं. त्या ओट्यावर बसून, त्यांचा चेहरा बघत, मला बाबांचं म्हणणं खरं वाटलं होतं.

आजार झाला नाही. डॉक्टरांनी श्रावणात तपासून सांगितलं, आता काळजी नको. आईने त्या दिवशी गोड केलं. पुनवेला दर्याला नारळ वाहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी होडी काढायची ठरली. मी बाबांबरोबर किनाऱ्यावर गेले. खलाशांनी होडी पाण्यात लोटली, बापूकाका कमरेएवढ्या पाण्यात तिला धरून उभा राहिला. बाबा ओल्या वाळूवर होते. एक लाट आली, त्यांच्या पायाशी पोचली. ते एक पाऊल मागे आले. दुसरी आली, आणखी एक पाऊल मागे. त्यांचं लक्ष नव्हतं, पाय आपोआप मागे येत होते. मग त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं.

"दादा, चल," बापूकाकाने हाक मारली.

बाबांनी डावा हात, चावलेला नव्हे तो, वर केला. "होडी तू व्हर," ते म्हणाले. "माझो हात अजून दुखता."

बापूकाका त्यांच्याकडे बघत राहिला. मग होडीत चढला आणि सुकाणूवर बसला. होडी लाटांवरून गेली. मी बाबांकडे बघायचं टाळलं. घरी आल्यावर आईने विचारलं, "गेली होडी?" "गेली," बाबा म्हणाले, आणि आईने पुढे काही विचारलं नाही. त्या दुपारपासून त्यांनी तांब्या उचलला की ती तोंड चुलीकडे फिरवायची.

बाबा पुन्हा दर्यावर गेले नाहीत. वाडीत सगळ्यांना हेच सांगितलं, की तांडेलाचा हात अधू झाला. आई सांगायची, बापूकाका सांगायचा, मीही सांगायचे. बाबा पुढे म्हातारे होईपर्यंत किनाऱ्यावर, सुक्या वाळूत, होड्या दुरुस्त करत राहिले. फळ्या उचलत, खिळे ठोकत, जाळी विणत, आणि दोर वळताना तर भल्या जवान खलाशाला त्यांची मूठ सोडवता यायची नाही. रोज सगळं गाव तिथून जायचं आणि हे बघायचं. आणि एवढ्या वर्षांत गावातल्या एकानेही, गुरवानेसुद्धा, त्यांना विचारलं नाही, की तांडेला, हा हात एवढं करतो, तर सुकाणू का धरत नाही?